बेडीतल्या सुकलालचं केळं

सुकलाल कोष्ट्याला पोलिसांनी उचललं, ही खबर बुऱ्हाणपूरच्या लालबागेत सकाळी दहाला आली आणि सव्वादहापर्यंत तिला हातपाय फुटले. आणली होती धर्मेंद्रने. हा केळीचा व्यापारी, बहादरपूरहून मोटारसायकलवर येत होता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोलिसांची गाडी, मागच्या बाकावर सुकलाल, अंगात कैद्याचे कपडे, पायात बेडी.

"मी तर गाडी वळवूनच घेतली यार," धर्मेंद्र सांगत होता. "साक्षीला बोलावलं असतं मला, तर?"

न्हाव्याच्या दुकानापर्यंत गुन्हा चोरीचा होता. पिठाच्या गिरणीशी तो बाईच्या भानगडीचा झाला, आणि तिथं मात्र गल्लीने विश्वास ठेवायला नकार दिला. सुकलालकडे बघून न हसता उभी राहील अशी बाई अख्ख्या बुऱ्हाणपुरात कुठून आणायची?

शेवटी चारजण चेहरे पाडून सुकलालच्या बायकोकडे, कुसुमवहिनींकडे गेले. वहिनी अंगणात मिरच्या पसरत होत्या.

"संध्याकाळी सुटतात," वहिनी म्हणाल्या. "उद्या सातला पुन्हा आत जायचंय. डबा मात्र माझाच."

खरी गोष्ट अशी होती की बहादरपूरच्या पुढे बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंदूरच्या लोकांनी जेल उभी केली होती. मोबाइलवर बघायची मालिका. कैदी भुयार खणून पळतात, जेलर त्यांच्या मागावर, असा सगळा श्वास रोखून धरायचा मामला. त्यात वीस वर्षं आत काढलेल्या म्हाताऱ्या कैद्याचं काम सुकलालला मिळालं होतं. हसवायचं नाही. एकदाही नाही.

हे ऐकल्यावर गल्ली जी हसली, ती दुपारपर्यंत हसत होती.

गल्लीचीही चूक नव्हती. सुकलाल विशीत पावरलूमवर लागला तेव्हा या भागात सकाळपासून खटखटाट असायचा. शेजारच्याला हाक ऐकू जात नसे, म्हणून कामगार तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलत. चहा पाहिजे, मुकादम आला, पोराला ताप आहे, सगळं चेहऱ्यावर. सुकलालचा चेहरा त्या शाळेत पहिला आला. मग लाइट जायची. शंभर लूम एकदम गप्प व्हायचे, कान दुखतील इतकं गप्प, आणि सगळे बाहेर ओट्यावर येऊन बसायचे. त्या ओट्यावर सुकलालने पहिल्यांदा मुकादमाची नक्कल केली. लाइट आली तरी कोणी उठेना. म्हणतात की मुकादम स्वतः मागे उभा राहून हसत होता.

तिथून तो गणपतीच्या नाटकात गेला आणि पस्तीस वर्षं तिथंच राहिला. कधी भित्रा हवालदार, कधी बायकोला घाबरणारा राक्षस. तो विंगेतून बाहेर आला की प्रेक्षकांतून एक केळं फेकलं जायचं. पहिल्या वर्षी ते कोणीतरी चिडवायला फेकलं होतं. सुकलालने न बघता झेललं, सोललं, खाल्लं आणि मगच पहिलं वाक्य म्हटलं. पुढच्या वर्षापासून ती रीतच पडली. केळं फेकायचा मान आधी धर्मेंद्रच्या बापाकडे होता, मग धर्मेंद्रकडे आला. केळं पडल्याशिवाय नाटक सुरू झालं असं कोणी मानत नसे.

आता लूम गेले. सुकलाल साठीला टेकला आणि एका कपड्याच्या दुकानात साड्या दाखवतो. स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून असा मुरका मारतो की बायका एक घ्यायला येऊन दोन नेतात. इंदूरची माणसं कैद्यांच्या कपड्यांसाठी जाडंभरडं कापड घ्यायला त्याच दुकानात आली होती. त्यांची दिग्दर्शक मृणाल, वय असेल तीसबत्तीस. ती बराच वेळ सुकलालकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, मेरी जेल में आओगे?"

सुकलालने होकार दिला तो हसतच. पण घरी येऊन कुसुमवहिनींना त्याने जे सांगितलं त्यात हसू नव्हतं. "पस्तीस वर्षं लोक मला बघून हसतात. एकदा बघायचंय, न हसता बघतात का."

पहिल्याच दिवशी तो तोंडघशी पडला. प्रसंग सोपा दिसत होता. जेलर विचारतो, भुयार कुठं आहे? म्हाताऱ्याला माहीत आहे. ते त्याच्याच पाठीमागच्या भिंतीत आहे. त्याने काही बोलायचं नाही, फक्त जेलरकडे बघायचं. पण जेलरने प्रश्न विचारला की सुकलालची डावी भुवई आपोआप वर जायची, ओठ कोपऱ्यात पळायचे आणि भुयार कुठं आहे हे सगळ्या जिनिंगला कळायचं. बाराव्या खेपेला कॅमेरावाला हसला. तेराव्याला जेलरच हसला.

मृणाल जवळ येऊन बसली. "काका, काही करू नका ना. दुकानात होता तसे राहा बस."

सुकलालने ते मनावर घेतलं. दुकानात तो कसा असतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चौदाव्या खेपेला त्याने जेलरकडे असा काही कटाक्ष टाकला की खांद्यावर पदर नाही एवढंच.

काम थांबलं. मृणाल रागावली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली की उद्या सकाळी एकदा बघू, नाहीतर इंदूरहून दुसरं कोणी बोलवावं लागेल.

संध्याकाळी सुकलाल ओट्यावर बसला. येणारेजाणारे विचारत होते, "काय भाऊ, जामीन झाला का?" तो प्रत्येकाला भुवई उडवून उत्तर देत होता आणि प्रत्येक वेळी त्याला त्या भुवईचा राग येत होता.

कुसुमवहिनींनी चहा आणला. त्याने झालेलं सगळं सांगितलं. "म्हणते, दुकानात होता तसे राहा. अजून किती राहू?"

"ती मुलगी दुकानात आली तेव्हा काय करत होता तुम्ही?"

"काय करणार? थान उलगडून बघत होतो. मध्ये एक धागा सुटलेला होता, तो शोधत होतो."

वहिनी त्याच्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी लूमवर डबा घेऊन आले होते, आठवतं?"

"नाही."

"तुम्हाला कसं आठवेल? तुम्ही मला पाहिलंच नाही. मी समोर उभी, आणि तुम्ही ताण्याकडे बघत होता. हजारभर धागे, त्यातला कोणता तुटेल म्हणून. पापणी हलत नव्हती. सासरी सगळे सांगायचे, पोरगा मोठा हसवणारा आहे. आणि मी ते तोंड पाहिलं. डबा ठेवून पळाले. रात्री आईची आठवण येऊन रडले, की ह्या माणसाबरोबर जन्म काढायचा?"

"मग?"

"मग काय, लाइट गेली तेव्हा तुम्ही माणसात आलात." वहिनींनी कप उचलला. "ते तोंड गल्लीने कधी पाहिलंच नाही. लूमपुढे फक्त तुम्ही आणि तुमचे धागे. ती मुलगी काय बघून घेऊन गेली तुम्हाला, साड्या नेसलेलं ध्यान?"

सुकलाल बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. पूर्वी त्या भिंतीपलीकडून खटखट यायची.

दुसऱ्या दिवशी जेलरने प्रश्न विचारला. जेलरच्या मागे कोठडीचे गज होते, उभे, एकाशेजारी एक. सुकलालने नजरेतून जेलर सोडला आणि गज धरले. डावीकडून मोजत गेला, यातला कोणता सुटेल. जेलरने पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं. भुवई जागची हलली नाही. आता "कट" म्हणायचं होतं, ते म्हणायला मृणाल विसरली.

मालिका आली ती गणपतीतच. मंडळाने नाटकाच्या जागी पडदा लावला. धर्मेंद्र पहिल्या रांगेत, मांडीवर केळ्याची फणी घेऊन बसला. सुकलाल आणि कुसुमवहिनी अगदी मागे बसले.

पडद्यावर कोठडी उघडली, सुकलाल दिसला, आणि गल्ली नेहमीसारखी हसली. धर्मेंद्रने हात मागे नेला. तेवढ्यात जेलरने विचारलं, भुयार कुठं आहे?

हसू मध्येच कुठंतरी तुटलं. मागे बसलेल्या सुकलालने मान खाली घातली. हसवणाऱ्याला असलं गप्प बसणं ओळखीचं नसतं. पस्तीस वर्षांत एवढ्या शांततेचा अर्थ एकच होता, पडलं नाटक. त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनी पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मग त्याच्या लक्षात आलं, ही शांतता वेगळी आहे. लाइट गेल्यावर शंभर लूम थांबायचे ती.

दिवे लागले तरी कोणी उठेना. धर्मेंद्र रांगा ओलांडत मागे आला. हातात केळं तसंच होतं, मुठीत दाबून जरा मऊ पडलेलं. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण एवढंच जमलं: "भाऊ, फेकताच नाही आलं."

सुकलालने हात पुढे केला. भुवई, अर्थातच, वर गेलेली होती.

"बेडीत पाहिलं तेव्हा गाडी वळवून पळालास. कैद्याला भेटायला लोक केळी घेऊन येतात, येड्या. आण इकडं."