टिपणीस काकांचं पिस्तूल

"दुसऱ्या कंपनीचं अंगठ्याला सोपं जातं," टिपणीस काका म्हणाले, "पण पहिल्याला कसलं जास्तीचं बटण नाही. तू कुठलं घेशील?"

त्यांचा हात गरम मेणात बुडवलेला होता. सांधे मोकळे व्हावेत म्हणून आम्ही ते करतो. मी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही, असं सांगितलं. ते हसले. "मी तरी कुठे धरलं होतं? दुकानात उभं राहून शिकलो."

मी अमेरिकेत, रेडमंडजवळच्या एका क्लिनिकमध्ये हँड थेरपिस्ट आहे. हाताचं ऑपरेशन झालं किंवा सांधे झिजले की माणसं आमच्याकडे येतात. पहिल्या व्हिजिटला आम्ही विचारतो, या हाताने तुम्हाला काय करता यायला हवं? ट्रीटमेंट त्या उत्तरावर ठरते. कुणाला बरणी उघडायची असते, कुणाला नातवाच्या जॅकेटची चेन लावायची असते. काकांना पिस्तुलाची स्लाइड ओढायची होती.

स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. तो मागे ओढून सोडला की पहिली गोळी आत बसते. लहान पिस्तुलाची स्प्रिंग बहुतेक वेळा कडक असते, आणि काकांच्या अंगठ्याच्या मुळाशी आर्थ्रायटिस होता. मी बॉसला विचारलं. डॅना म्हणाली, "लिहून टाक. इथे हे नेहमीचं आहे."

काका रिटायर्ड इंजिनियर. गाडी घेताना करतात तशी त्यांनी चौकशी केली होती. शेवटी दोन कंपन्या उरल्या. पहिलीची स्लाइड कडक, बाकी सगळं साधं. दुसरीची स्लाइड हलकी, पण मुठीच्या मागे एक पट्टी होती. ती नीट दाबली गेली नाही तर गोळी सुटत नाही.

"ऐन वेळी मूठ सैल पडली तर?" काका म्हणाले.

"पण काका, ऐन वेळ म्हणजे कसली?"

"घरात येतं कुणीतरी."

"पोलिसांना सांगितलंत?"

"काय सांगू? कुलूप तुटत नाही, काही चोरीला जात नाही. चपला बाहेर काढून आत येतं."

मला तो विनोद वाटला. मी हसलेसुद्धा.

डिसेंबरात मी त्यांच्या घरी गेले. घरातली कामं पेशंटला कशी जमतात, ते बघायला आम्ही कधी कधी जातो. चार वाजले होते आणि अंधार पडत आला होता. काकूंनी दार उघडलं, माझा कोट घेतला, पोहे आणून दिले.

"हे अजून पिस्तुलाचंच बोलतायत ना?" काकू म्हणाल्या. "मीच सांगितलं, दुसरं घ्या. दुकानात माझ्यासुद्धा हाताने ओढलं गेलं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

काकांनी माझी प्लेट हळूच स्वतःकडे ओढली.

"खाऊ नकोस."

"का?"

"चव अगदी जमवलीय. लिंबूसुद्धा तेवढंच. तुझी काकू करायची तसं."

मला काही कळेना. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"ही कोण आहे, ते मला अजून समजलेलं नाही," काका शांतपणे म्हणाले. "चेहरा तोच. चालणंही तेच. पण ती नाही. मी हिला कळू देत नाही. संशय नको म्हणून तर दुकानात हिलाच घेऊन गेलो. पैसे भरलेत. पुढच्या आठवड्यात मिळेल."

काकू चहा घेऊन आल्या. काकांनी हसून कप घेतला आणि टेबलावर ठेवला. तो तिथेच राहिला.

मी गाडीत बसल्या बसल्या डॅनाला फोन केला. तिने शांतपणे ऐकलं. "पण माझ्याशी ते बायकोबद्दल किती छान बोलतात. तुझी समजण्यात चूक नाही ना?" मी सहसा वाद घालत नाही. त्या दिवशी घातला. डॅनाने मला लाइनवर ठेवूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

दोन दिवसांनी मी डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यात बसले होते. काकूंना बाहेर बसवलं होतं. डॉक्टर इंग्रजीत विचारत होते आणि काकांची उत्तरं चोख होती. तारीख बरोबर, हिशोब बरोबर. बाहेर कोण बसलंय? "माय वाइफ," काका म्हणाले. वर एक विनोदही केला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारू का, असं मी विचारलं.

"काका, काकू कुठे आहेत?"

मराठी ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. ते दाराकडे बघून कुजबुजले, "हळू. ती दाराशीच बसलीय. खरी कुठे ठेवलीय, तेच शोधतोय मी."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"घरातलं असं परक्याला सांगतात का? तू आपली आहेस म्हणून बोललो."

मी ते डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, शब्द न गाळता. काकांना इंग्रजी उत्तम येतं. मी बोलत असताना ते माझ्याकडेच बघत होते.

स्पेशालिस्टने नंतर सांगितलं की हा एका प्रकारच्या डिमेन्शियाचा भाग आहे. डोळे माणूस ओळखतात, पण आपलं माणूस असल्याची खूण आतून पटत नाही. मग मेंदू स्वतःच कारण शोधतो. पोर्टलंडहून मुलगी आली. तिने ऑर्डर कॅन्सल केली आणि काकूंना काही दिवस आपल्याकडे नेलं. काकांजवळ एक मेल नर्स राहिला. निघताना काकूंनी मला एकच गोष्ट विचारली.

"शेवटी कुठलं ठरवलं होतं यांनी?"

"दुसरं."

"मी सांगितलेलं," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आता मी पेशंटला काय करायचंय ते विचारते, आणि कशासाठी तेही विचारते. मराठी पेशंट असला तर मराठीतही विचारते. आधी विचारायला हवं होतं. मी हसले होते.

फेब्रुवारीत काका अंगठ्यासाठी परत आले. औषधांनी बरेच शांत वाटत होते. माझ्याशी सगळं इंग्रजीत बोलले, सभ्यपणे, नव्या माणसाशी बोलावं तसं. हात मेणातून काढताना त्यांनी विचारलं, "इथे आधी एक मराठी मुलगी होती. अगदी तुझ्यासारखी दिसायची. ती कुठे गेली?"

अशा पेशंटशी वाद घालायचा नसतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. ती आता इथे नसते, असं मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही बरणीचं झाकण उघडायची प्रॅक्टिस केली.