विनंती बदली

महाराष्ट्र नागरी सेवा नियम या जगात फक्त दोघांना संपूर्ण कळले, असं माझं ठाम मत आहे. एक, ज्यांनी ते लिहिले ते. आणि दुसरे माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणतो. यांपैकी पहिल्यांविषयी माझ्या सासऱ्यांना दाट शंका आहे. "लिहिणाऱ्याले समजलं असतं, जवाईबापू, तं त्यानं इतकं लंबं लिहिलंच नसतं," असं ते म्हणतात. जळगाव जामोदच्या एका सरकारी कचेरीत कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा आणि पगार पाहणाऱ्या शाखेचे ते अधीक्षक होते. त्यांना निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नसावी. सकाळी आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून ते घराच्या ओट्यावर बसत आणि तालुक्यातले शिक्षक, तलाठी, परिचारिका, हवालदार आपापली कोडी घेऊन त्या ओट्याला लागत. चहा मिळे, पण शेवटी. आधी मामाजींनी सांगितलेला नियम आपल्या शब्दांत परत सांगावा लागे. तो चुकला की कितीही मोठा साहेब असो, चहा लांबत असे.

माझं देऊळगाव राजात कापडाचं दुकान आहे, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मी कुठल्याच नियमात न बसणारा माणूस. मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझी मिळकत, शिक्षण, घरदार यांपैकी काहीच विचारलं नाही. "तुमच्या धंद्यात परिविक्षा काळ किती?" एवढंच विचारलं. परिविक्षा म्हणजे नोकरीतला सुरुवातीचा पारखण्याचा काळ, हे तेव्हा मला कुठलं माहीत! तसलं काही नसतं, म्हणालो. "मंग आपल्या इथं राहीन," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. लग्नानंतरचं सबंध पहिलं वर्ष ते पाहुण्यांना माझी ओळख "आमचे जवाई, सध्या परिविक्षाधीन" अशी करून देत. वर्ष भरलं त्या दिवशी भर पंगतीत, माझ्या ताटात पुरणपोळी वाढता वाढता, "काम समाधानकारक, सेवेत कायम करन्यात येत हाय," असं त्यांनी खड्या आवाजात जाहीर केलं. बायको लाजली, पाहुणे टाळ्या पिटत राहिले. खोटं कशाला सांगू, मला मात्र त्या पोळीची गोडी आजवर विसरता आलेली नाही.

त्यांची खरी करामत उपमांची. कायद्याची भाषा सुपारीसारखी, ती अडकित्त्यात धरून कातरूनच खायची, असा त्यांचा बाणा. एकदा एक ग्रामसेवक निलंबित होऊन रडवेल्या चेहऱ्यानं ओट्यावर आला. मामाजी म्हणाले, "रडून काऊन राह्यला बे? निलंबन म्हंजे शिक्षा नोहे. बायको रुसून माहेरी गेली असं समज. संसार मोडला नाही, पन गरम पोयी भेटत नाही. शेजारीन दोन घास आनून देते ना, त्याले म्हंतात निर्वाह भत्ता." ग्रामसेवक हसला, आणि हसल्यावर त्याला चौकशीला काय उत्तर द्यायचं ते नीट कळलं. बढतीनंतर पगार कसा ठरतो, हे एका हवालदाराच्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी त्याला उठवून जिन्याकडे नेलं. "हा आपला जिना, तो शेजाऱ्याचा. बढती भेटली की आधी आपल्याच जिन्यावर एक पायरी चढ. आता शेजारच्या जिन्यावर जा. बरोबरीची पायरी असन तं तिच्यावर उभा राय. नसन तं वरची धर. खालची धराची नाही, सरकार सांगन तरी नाही." हवालदार गणवेशात, बूट काढून, जिन्यावर चढतोय आणि शेजारीण घाबरून दार लावून घेतेय, हा देखावा मी स्वतः पाहिलेला आहे.

'परंतु' या शब्दावर त्यांचा विशेष राग. "कायदा वाचाचा तं परंतुपासून वाचा. परंतुच्या वर सरकार देते, परंतुच्या खाली परत घेते." या सवयीपायी ते लग्नपत्रिकासुद्धा खालून वर वाचत. त्यांच्यासमोर एकच व्यक्ती टिकायची, ती म्हणजे माझ्या सासूबाई. माहेरी जायचं म्हणाल्या की मामाजी म्हणत, "रजा हा हक्क म्हून मांगता येत नाही, नियमच हाय." सासूबाई पदर खोचून सांगत, "मी आजपासून सयपाकाले रजा घेतली. ते कोन्या नियमात बसते ते तुम्ही उपाशीपोटी पाहून ठेवा." अर्ध्या तासात मामाजी त्यांची पिशवी घेऊन बसस्टँडवर हजर असत.

या सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. ओटा चालू राहिला, माणसंही येत राहिली, पण माणसं उठून गेली की घर फार मोठं वाटू लागलं असणार. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं तर "मजेत हावो" म्हणत. जळगाव जामोद जिल्ह्याच्या एका टोकाला, आमचं देऊळगाव राजा दुसऱ्या टोकाला. गाड्या बदलत जाण्यात सारा दिवस मोडतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. माझी बायको देऊळगावजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, पंचवीस वर्षं झाली. पहिलीच्या वर्गाशिवाय तिला दुसरा वर्ग नको असतो. जेवणं झाल्यावर तिनं पर्समधून एक कागद काढून वडिलांपुढे ठेवला. नोकरी सोडण्याचा अर्ज. मला तिनं वाटेत बसमध्येच सांगितलं होतं.

मामाजींनी चष्मा लावला. सवयीप्रमाणे खालून वर वाचलं. मुलगी नोकरी सोडतेय याचं आश्चर्य चेहऱ्यावर उमटायच्या आधी त्यांच्यातला अधीक्षक खवळला.

"राजीनामा? हा शबद कोनं शिकवला तुले?"

"मंग काय लिहितात?"

"अवं माय, राजीनामा म्हंजे भांडून घर सोडनं. मागची सारी सेवा पुसली जाते, पेन्शनचं नाव काढाचं नाही. वीस वर्षांच्या वर सेवा झालेल्यानं स्वेच्छानिवृत्ती मांगावी, तीन महिने आधी कयवून. ते म्हंजे साऱ्याईले सांगून, शिदोरी बांधून निंगनं. दोन्हीत मानूस घराबाहेरच जाते, पन एकाच्या हातात शिदोरी असते. तू एका शबदापायी पंचवीस वर्षं नालीत टाकून राह्यली होती!"

त्यांनी कोरा कागद मागवला, स्वतः लिहायला बसले. अक्षर अजून मोत्यासारखं. "स्वेच्छेने सेवानिवृत्त होऊ इच्छिते" इथपर्यंत आले. बायकोनं विचारलं, "कारन काय लिहाचं बाबा?"

"कारन लागत नाही. वैयक्तिक म्हनलं की झालं." पुढचा शब्द लिहायला पेन टेकवला आणि ते तसेच थांबले. मग कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "नियमाले लागत नाही. मले लागते. काय झालं माय?"

ती एकदम बोलली, "मांगच्या महिन्यात तुमाले ताप होता. आठ दिवस. मले शेजारच्या काकूनं सांगतलं, तुम्ही नाही. मी इथं येऊन राह्यते. मले नाही जमत तिथं राहून."

मामाजींनी पेनाला टोपण लावलं आणि ते खाली ठेवलं.

"स्वेच्छा म्हंजे सोताची इच्छा," ते म्हणाले, आवाज मात्र ओट्यावरचा नव्हता. "पहिलीची लेकरं सोडाची इच्छा हाय तुही?"

तिनं मान हलवली. नाही. आणि रडू लागली.

"मंग हा अर्ज नियमात बसत नाही. खोटी गोठ लिहून मी आजलोग कोनाचा अर्ज वर धाडला नाही, पोरीचा कसा धाडू?" त्यांनी दोन्ही कागद फाडले.

"मंग तुम्ही चला," ती म्हणाली.

हे ऐकून मी मनातल्या मनात हात टेकले. हा माणूस आमच्याकडे दोन रात्रींच्या वर कधी राहिलेला नव्हता. मामाजींनी ओट्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जवाईबापू, ही विनंती बदली झाली. विनंती बदलीले प्रवासभत्ता भेटत नाही बरं." आम्ही तिघंही हसलो. नंतर तिघंही रडलो, हेही सांगायला हरकत नाही.

आता ते आमच्याकडे असतात. दुकानाच्या पायरीवर नवा दरबार भरतो. इथली बोली जालन्याकडे झुकलेली, त्यामुळे "तुमच्या इथं लोक पुस्तकावानी बोलतात" अशी त्यांची तक्रार असते. बायको सकाळी शाळेत जाताना ते तिला दारापर्यंत सोडतात. तिचा चेहरा हल्ली मोकळा दिसतो, आणि तो तसा दिसला की मामाजींचाही दिसतो. असा माणूस मला सासरा म्हणून मिळाला, याचा मला अभिमान वाटतो.

संध्याकाळी ते एकटेच फिरायला जातात. परवा यायला उशीर झाला म्हणून शोधत गेलो, तर बसस्टँडवर बुलडाण्याच्या गाडीपाशी उभे होते. कंडक्टरला विचारत होते, "बुलडाण्यावून पुढं जळगाव जामोदची गाडी भेटते ना?"

"भेटते की बाबा, बसा."

"नाही, बसाचं नाही. इचारून ठेवलं."

मी जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "मामाजी, चार दिवस जाऊन यायचं का जळगावला? उद्याच निघू."

त्यांनी माझा हात थोपटला. "तिच्या शायेले सुट्ट्या लागू द्या," ते म्हणाले. "मंग तिले घेऊन जाऊ." गाडी सुटली. वळणापाशी ती दिसेनाशी होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो.