सातवा शिक्का

पाकीट हातात आलं की भाऊ आधी ते उलटं करायचे. आम्ही सगळे पत्ता वाचायचो, हे पाकिटाची पाठ वाचायचे. "पयले पाठ पाहा, मंग तोंड," म्हणायचे, तेही जांभई आवरत.

साठ साल उजाडायचं होतं. मी अमरावतीला टपालछाटणीत नवा लागलो होतो आणि भाऊंच्या शेजारच्या स्टुलावर बसत होतो. भाऊ म्हणजे मोर्शीकडचा, निवृत्तीला टेकलेला माणूस. डोळ्यांखाली काळं, खांदे पुढे वाकलेले. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच, ज्याला विचारल्याशिवाय साहेबाचंही पान हलत नाही.

भटकी पत्रं त्यांच्याकडे यायची. पत्र ज्या कचेरीतून जाई तिथला शिक्का त्याच्या पाठीवर बसे. पत्ता अपुरा असला की आम्ही ते अकोल्याकडचं समजायचो, अकोल्याला ते आमच्याकडचं वाटायचं. चूक कुणाचीच नाही, पत्र मात्र येतंय, जातंय. सात शिक्के झाले की भाऊ ते डेड लेटर ऑफिसच्या कप्प्यात टाकायचे.

"आणखी एकदा पाठवून पाहू या ना," मी सुरुवातीलाच म्हणालो होतो.

"कावून? पत्राले सोताहून थांबता येते का? आपण मोजलं नाई तं कागद फाटेपर्यंत फिरन ते. अन् असे शंभर जमले का चांगल्या पत्राले पिशवीत जागा कुठी रायते?"

"पण मेल्यातच जमा करायचं म्हणजे..."

"मेलं नाई बाप्पा. तिथं उघडतात, अंदरचा पत्ता पायतात, अन् ज्यानं लिवलं त्याच्या घरी धाडतात. मंग त्याले समजते, आपलं पोचलं नाई म्हणून."

मी मान डोलावली. पटलं नव्हतं. थकलेल्या माणसाला सगळंच संपवायची घाई असते, असं तेव्हा मला वाटायचं.

एका दुपारी एक पाकीट आलं. बाईचं अक्षर. कुणा शाळामास्तरांचं नाव, खाली नुसतं 'पिंपळगाव'. जिल्हा नाही, तालुका नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लवकर द्यावे, आई फार आजारी.' पाठीवर सात शिक्के. भाऊ पाणी प्यायला उठले होते. हे पत्र त्या कप्प्यात टाकायचं माझ्या जिवावर आलं. मी कोऱ्या कागदाची पट्टी कापली, खळ लावली आणि शिक्क्यांवर चिकटवली. पाठ स्वच्छ झाली. पाकीट अकोल्याच्या पिशवीत टाकलं आणि दिवसभर पुण्य केल्यासारखा हिंडलो.

दोन महिन्यांनी ते भाऊंच्या हातात आलं. ठिकठिकाणच्या पिंपळगावांत फिरून पट्टीवर सहा नवे शिक्के बसले होते. त्यांचा अंगठा पट्टीच्या काठाला अडखळला. त्यांनी ओला स्पंज फिरवून ती हळूहळू सोलली, खालचे शिक्के पाहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. पाकीट कप्प्यात ठेवलं आणि पुढचं उलटं केलं.

महिन्याभराने ते मास्तर कचेरीत आले. हातात तेच पाकीट होतं. त्यांचं पिंपळगाव यवतमाळ जिल्ह्यातलं.

"तुमच्याकडून पत्र वरूडला बहिणीकडे परत गेलं, पंधरा दिवसांत," ते म्हणाले. "तिनं जिल्हा घालून लगेच मला पाठवलं. पण तोवर आईला जाऊन महिना झाला होता. मी रागावलोय, म्हणून येत नाही, असं समजून गेली. हे पंधरा दिवसांचं काम आधीच का नाही झालं हो?"

मी मनात महिने मोजले. सातव्या शिक्क्यालाच पत्र थांबलं असतं, तर आई जिवंत असताना ते परत गेलं असतं.

भाऊंनी मास्तरांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः शेजारी बसले. "चूक माह्या टेबलाची हाये, मास्तर." मास्तर रडायला लागले. भाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. टपाल साचत गेलं. पहिल्यांदाच त्यांनी ते साचू दिलं.

साहेबांनी पाकिटावरचा खळीचा डाग पाहून विचारलं, पट्टी कुणाची? मी उठलो.

"माह्या टेबलावर लागली," भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तू पिशव्या बांध तुह्या."

मी खाली बसलो. आजही सांगताना लाज वाटते, पण बसलो. त्यांची अकोल्याला बदली झाली. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली असताना बिऱ्हाड हलवायची पाळी आली.

ते निवृत्त झाल्यावर मी अकोल्याला गेलो. काकूंनी दार उघडलं. "आताच डोळा लागला त्यायचा," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. भाऊ बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. फार वाळले होते. मी स्टूल ओढून बसलो. झोपलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "ती पट्टी मी लावली होती."

आतून कपबशीचा आवाज आला.

"मालूम हाये," भिंतीकडूनच आवाज आला. "चहा घेऊन जाजो. आता झोपू दे मले."

चहा झाला. काकूंनी बाहेर येऊन त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. मी चपला घातल्या. त्यानंतर भाऊंची भेट झाली नाही.