उलट्या बाजूचा भांग

उमेदीची सगळी वर्षं त्याने हॉस्पिटलच्या शवागारात काढली. सगळे त्याला ‘फ्रीजवाला’ म्हणत आणि तोही मुकाट ओ देई. मग ते काम ठेकेदाराकडे गेलं. बारावी सायन्स झालेली होती म्हणून त्याला रक्त काढायचं शिकायला वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये पाठवलं.

शिकवणारी सिस्टर वयाने लहान, पण करडी होती. आधी रबराचा हात, मग खरा. दंडाला पट्टा बांधायचा, बोटाने शीर चाचपायची, सुई तिरकी घालायची. त्याचा हात स्थिर होता. पण पहिल्यांदा नळी भरली आणि ती त्याच्या हातून पडता पडता राहिली.

“काय झालं?” सिस्टरने विचारलं.

“गरम आहे.”

“मग काय बर्फ निघणार होता?”

बाकीचे हसले. त्याला हसू आलं नाही.

त्यानंतर समोर येणारा प्रत्येक हात त्याला आधी गारच वाटायचा. बोटाखाली शीर दबून पुन्हा वर आली, की मगच त्याचा जीव खाली पडायचा. घरी जेवताना तो मुलीचं मनगट धरून बसे. “बाबा, घास तरी घेऊ द्या,” ती वैतागायची.

सिस्टर सांगायची, पेशंटशी बोलत राहा. बोलायची त्याला सवय होतीच, समोरून उत्तर येण्याची नव्हती.

एका सकाळी एक म्हाताऱ्या बाई खुर्चीत बसल्या. तो पट्टा बांधत असताना त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

“तुम्ही खाली होतात ना? शवागारात?”

“हो.”

“माझ्या मुलाला तुम्हीच बाहेर काढलंत. मोटारसायकलवरून पडला होता. त्याचे केस तुम्ही विंचरलेत?”

त्याला मुलगा काही आठवेना. “सगळ्यांचेच विंचरायचो,” तो म्हणाला. “घरचे बघायला यायच्या आधी.”

“भांग उलट्या बाजूला पाडलात. मला वाटलं, हा आपला नव्हेच, दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.” बाई शांतपणे म्हणाल्या, “तेवढा एक क्षण बरा गेला.”

त्याने सुई घातली. रक्त आलं नाही. शीर हुकली होती.

“माफ करा, आजी.”

“असू दे. या हातावर बघा.”

दुसऱ्या हातातून रक्त आलं. त्याने कापूस दाबून धरला. बाईंनी बाही खाली केली आणि हळूहळू निघून गेल्या.

पुढे तो त्याच खोलीत कायम झाला. त्याची सुई दुखत नाही म्हणून लोक त्याच्यासाठी थांबू लागले. जुनं नावही मागे पडलं. तो मुलगा मात्र त्याला अजून आठवलेला नाही. रांगेतला एखादा तरुण समोर येऊन बसतो, मुकाट्याने हात पुढे करतो, आणि त्याला वाटतं, हाच तो. मग पट्टा उचलायला त्याला जरा वेळ लागतो.