शेरूच्या कानाचे चाचा

पडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नाव मला अजून माहीत नाही. आमच्या कुत्र्याचा, शेरूचा, कान सारखा चिघळायचा, म्हणून दर महिन्या-दीड महिन्याला त्यांची गाठ पडायची. ते कुत्र्याला टेबलावर घेत नाहीत, स्वतःच फरशीवर बसतात. औषधाची बाटली मुठीत धरून कोमट करतात आणि कान हुंगून सांगतात, "आंबूस वास येतोय, ताई. आंघोळीचं पाणी गेलं."

एकदा कान फारच सुजला होता. चाचांनी कापूस लावताच शेरूनं त्यांचं मनगट तोंडात धरलं. दात रुतलेले मला दिसत होते. मी घाबरून पट्टा ओढायला गेले, तर ते हळूच म्हणाले, "ओढू नका. लई दुखतंय त्याला."

हात त्यांनी तसाच राहू दिला. शेरूनं आपणहून जबडा सैल करेपर्यंत ते दुसऱ्या हातानं त्याची मान थोपटत होते. मग आधी त्याचा कान पूर्ण साफ केला आणि नंतर नळाखाली साबणानं आपली जखम धुतली.

"हात काढून का नाही घेतला, चाचा?"

"काढला असता तर चावलं की सुटका होते, हे तो शिकला असता. मग त्याच्या कानाला कोण हात लावणार?"

आठवड्यानं पुन्हा गेलो, तेव्हा मी धास्तीनं शेरूच्या तोंडाला बांधायची जाळी नेली होती. तो सरळ चाचांच्या मांडीवर डोकं टाकून आडवा झाला, दुखरा कान वर करून. चाचांच्या मनगटावर अजून पट्टी होती. मी जाळी पिशवीतून काढलीच नाही.