मल्लूकाकांचा अंगठा

"आजोबा, जरा इकडं बघा की!"

मेलेल्या माणसाला असं म्हणून सेल्फी काढणारा एक जण मी काल डोळ्यांनी पाहिला.

शी!

आम्हा लिंगायतांत मयताला बसवतात. भिंतीला पाठ टेकवून, मांडी घालून. कपाळभर विभूती, गळ्यात हार. माझे सख्खे काका, मल्लूकाका, काल तसे बसले होते आणि लोक त्यांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढत होते.

एकीनं तर आधी स्वतःचे केस नीट केले.

कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय. 'सोलापूरचे लाडके आजोबा.'

लाडके म्हणे!

सिरियलमधले ते पांढऱ्या मिशांचे आजोबा तुम्हाला माहीत आहेत. ते फार नंतरचं. सत्तरच्या दशकात हाच माणूस मराठी पिच्चरमधला व्हिलन होता. तेव्हा याच गल्लीनं त्यांच्या घराशी काय केलं ते आज लिहितेय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, मान्य. पण जे अजून जिवंत आहेत त्यांच्याबद्दल बोलायला काय हरकत आहे?

काका नवी पेठेत आमच्या साड्यांच्या दुकानात बसायचे. शूटिंग असलं की एसटीनं कोल्हापूर गाठायचे. डोळे मोठे, आवाज भरदार, म्हणून कायम सावकाराचा माणूस नाहीतर पाटलाचा गुंड. घरात पाल दिसली की मात्र खुर्चीवर चढून काकूला हाका मारायचे. "गिरिजा, ये गं लवकर!"

एका पिच्चरमध्ये त्यांना हिरॉइनच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं पुसायचं होतं.

टेकवर टेक झाले. अंगठा काही दाबवेना. डायरेक्टर वैतागला, "अहो, गुंड म्हणून बोलावलंय तुम्हाला, पूजा सांगायला नाही!" शेवटी काका आधी त्या बाईच्या पाया पडले आणि मग पुसलं. हे त्यांनीच आम्हाला जेवताना हसत हसत सांगितलं होतं.

तो सीन भलताच जमला. तिथंच घात झाला.

पिच्चर सोलापुरात लागला तो नेमका संक्रांतीच्या तोंडावर. गड्ड्याची जत्रा भरलेली, थेटर खच्चून भरलेलं. पडद्यावर तो अंगठा फिरला आणि बायका चक्क थुंकल्या. समोरच्या घरातल्या सुमनमावशी तर चप्पल हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मी आईच्या शेजारी बसून हे सगळं बघत होते.

बरं, पिच्चर संपल्यावर तरी घरी जाऊन झोपावं ना माणसानं! नाही.

त्या आठवड्यात काकूचं हळदीकुंकू होतं. तिनं सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. सतरंजी टाकली, तिळगूळ केला, वाण मांडलं, काठाची साडी नेसून दारात उभी राहिली.

आई आणि मी गेलो. बाकी एक बाई फिरकली नाही.

आई समोरच्या घरी विचारायला गेली. सुमनमावशी दारातूनच म्हणाल्या, "बाईचं कुंकू पुसतो तो माणूस. त्याच्या घरचं कुंकू मी माज्या कपाळाला लावून घ्यू व्हय? माजा नवरा जित्ता हाय अजून."

एवढ्या शहाण्या बाया, पण पडद्यावरचं आणि घरातलं त्यांना वेगळं कळेना. आणि कळत नव्हतं असंही मला आता वाटत नाही. दुसऱ्याच्या दारावर थुंकायला मिळालं की लोकांना बरं वाटतं.

संध्याकाळी काका दुकानातून आले. भरलेली ताटं बघितली.

"कोणी आलं न्हाय?"

"तुमी काम लई चांगलं केलंत की," काकू म्हणाली. "दारात कुत्रंबी आलं न्हाय."

आणि मग रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं.

काकांनी एक ताट उचलून आत ठेवलं. मग म्हणाले, "सोडतो पिच्चर. दुकान बास झालं."

"सोडायचं न्हाय!" काकू रडता रडताच ओरडली. "मग तर त्येंचंच खरं झालं."

काका तिच्यासमोर बसले. करंड्यात अंगठा बुडवला. तोच अंगठा. तिच्या कपाळावर टेकवला आणि म्हणाले, "त्या न्हाय आल्या तर मी लावतो की."

तेव्हापासून दर संक्रांतीला काकूला कुंकू काकाच लावायचे. पिच्चरही त्यांनी सोडले नाहीत. पुढे टीव्ही आला, सिरियल आली आणि हीच गल्ली त्यांच्या पाया पडायला लागली. सुमनमावशी सगळ्यांत पुढे. "आमचे आजोबा" म्हणायच्या.

यंदाच्या संक्रांतीला त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. तरी लावलं.

काल न्यायची वेळ झाली. सुमनमावशी सुनेचा हात धरून, मोठ्यानं हुंदके देत पुढे आल्या आणि काकूच्या कपाळाकडे अंगठा नेला. "गिरिजा, रीत असती बाई. पुसावं लागतंय."

काकूनं त्यांचं मनगट धरलं.

"सुमन, ह्येंनी खोटं खोटं पुसलं तर तू चप्पल काढली होतीस. आता तू खरं पुसायलीस?"

"अगं, रीत हाय..."

"ह्ये त्येंच्या अंगठ्याचं हाय. तुज्या अंगठ्यानं न्हाय निघायचं."

मावशी मागे सरल्या. सेल्फीवाल्यांचे मोबाइल खाली गेले.

आज सकाळी काकूकडे गेले होते. कुंकू कपाळावर आहे.

काका, तुमचं काम चोख झालं. थुंकणाऱ्यांचं आणि पाया पडणाऱ्यांचं तुम्ही त्या संक्रांतीनंतर कधीच मनावर घेतलं नाहीत. मला ते जमणार नाही.

शरणु शरणार्थी, मल्लूकाका. जावा निवांत.