दोन्ही साक्षीदार मयत

माझ्या मित्रानं मृत्युपत्रात मला व्यवस्थापक नेमलं, कारण माझं गावात कुणाशी भांडण नव्हतं. हा गुण नसून निव्वळ आळस आहे, हे त्याला तीस वर्षं माझ्याबरोबर एकाच शाळेत शिकवूनही कळलं नाही. काम एवढंच होतं, की घनसावंगीतलं त्याचं दोन खोल्यांचं घर त्याच्या मेहुणीच्या नावावर करून द्यायचं. नवऱ्यानं टाकलेली बाई. आधी बहिणीचं आणि मग याचं, दोन्ही आजारपणं तिनंच काढली होती. पण मित्राच्या पुतण्यानं हरकत घेतली. नगरपंचायतीच्या कचेरीतून सांगण्यात आलं, कोर्टातून प्रोबेट आणा. म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.

जालन्याच्या वकिलानं कागद वाचून साक्षीदार कुठं आहेत ते विचारलं. मी म्हणालो, दोघंही वारले. आमच्याकडे महत्त्वाचा कागद वडीलधाऱ्यांना डावलून होत नाही. मित्रानं मोठ्या मानाचे दोघे निवडले होते, ऐंशी ओलांडलेले मुख्याध्यापक आणि स्वतःचा थोरला भाऊ. दोघांचा मान राखला गेला आणि दोघंही त्याच्या आधी गेले.

मग एकाची तरी सही ओळखणारा माणूस आणा, असं वकील म्हणाला. मुख्याध्यापकांची मुलं परदेशी होती. वडिलांची सही ओळखायला त्यांना सवड नव्हती. राहिला भाऊ. त्यानं जन्मभर सगळीकडं अंगठाच दिलेला, सही केली ती फक्त या कागदावर. ताडून बघायला दुसरी सहीच नाही. इथंही अंगठा असता तर बरं झालं असतं, असं वकील दोनदा म्हणाला. ती सही ओळखेल असा एकच माणूस उरला होता, त्या भावाचा मुलगा. हरकत घेणारा पुतण्या तोच.

त्याची साक्ष होईपर्यंत तारखांवर तारखा पडल्या. दर तारखेला मेहुणी डबा घेऊन माझ्याबरोबर बसनं यायची. मी तिचीच भाकरी खात तिला धीर द्यायचो. एकदा तिनं हळूच विचारलं, "भाऊजी, घर गेलं तर भांडे तरी माझे ऱ्हातील का?" त्या दिवशी मी हातातली भाकरी परत डब्यात ठेवली.

पुतण्या साक्षीला उभा राहिला तेव्हा मी त्याला मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळा झालो होतो. नुसतं 'न्हाई' म्हटलं की घर त्याचं. आमच्या वकिलानं कागद पुढं धरला. त्यानं सहीवरून बोट फिरवलं.

"माझ्या बापाचीच हाये," तो म्हणाला. "काकानं शिकवल्ती. चार दिवस पाटीवर गिरवून राह्यल्ता म्हातारा. म्या सोता पाह्यलं."

त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मेहुणीनं डोळ्याला पदर लावला. मला मात्र माझ्या शिव्यांची लाज वाटली.

बाहेर तो सरळ माझ्याकडे आला. आता हा भांडणार असं वाटून मी डब्याची पिशवी सावरली.

"गुरुजी, त्या कागदाची एक झेरॉक्स द्या," तो म्हणाला. "बापाच्या हातचं घरात दुसरं काहीच न्हाई."